धावत्या डब्यातला बिछाना

रात्री मधला बर्थ उचलून साखळ्यांना अडकवला, की दिवसभर पाठ टेकायची फळी बिछाना होते. स्लीपर डब्यातली ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यासाठी कुणी किती डोकं लढवलं असेल हे मनातही येत नाही. डब्यात खाटा ठोकणं मुळीच कठीण नव्हतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कंबरलँड व्हॅली रेल्वेने 1830च्या दशकातच झोपायचे डबे चालवले. अडचण होती दिवसाची. खाटांनी भरलेल्या डब्यात दिवसा माणसं बसवायची कुठे?

अमेरिकी उद्योजक जॉर्ज पुलमन यांनी याला हात घातला. 1859 मध्ये शिकागो अँड आल्टन रेल्वेचे दोन साधे डबे त्यांनी इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला सुताराकडून बदलून घेतले. वरचे बर्थ दिवसा दोर-कप्प्यांनी छताला ओढून घ्यायचे, रात्री खाली सोडायचे. उजेडाला मेणबत्त्या, उबेला लाकडाची शेगडी. ब्लँकेट मिळे, चादर नाही. पहिल्या फेरीचे कंडक्टर जोनाथन बार्न्स यांनी पुढे सांगितलं, की लोक बुटांसकट अंथरुणात शिरत; बूट काढायला त्यांना भाग पाडावं लागलं.

दोरांची कटकट 1864च्या पेटंटने मिटली. वरचा बर्थ बिजागऱ्यांवर बसवला गेला. दिवसा तो वर मिटला, की आतल्या पोकळीत गाद्या-उशाही मावत. खाली समोरासमोरची आसनं जोडली, की दुसरा बर्थ तयार. या सगळ्या इतिहासात मला हीच युक्ती सर्वांत देखणी वाटते. मात्र तिला जागा हवी होती. म्हणून पुलमन यांचा ‘पायोनियर’ हा डबा त्या काळच्या डब्यांपेक्षा अडीच फूट उंच आणि एक फूट रुंद बांधला गेला.

बिछाना झाला, तरी झोप लागायला हवी ना! रुळांच्या प्रत्येक जोडावर चाक आपटतं आणि तो हादरा आसामार्गे वर चढतो. मोठे हेलकावे स्प्रिंगा सोसतात, पण बारीक थरथर आणि खणखणाट अखंड धातूतून सहज पुढे जातो. यावर रिचर्ड ॲलन या अमेरिकी संशोधकाने काढलेला तोडगा ऐकून आजही नवल वाटतं: कागदाची चाकं! पेंढ्याच्या लगद्याच्या पुठ्ठ्याचे थर चिकटवून प्रचंड दाबाखाली त्यांची घट्ट चकती करायची, दोन्ही बाजूंना लोखंडी पत्रे बोल्टांनी आवळायचे आणि भोवती पोलादी धाव चढवायची. रुळाला पोलादच लागे; कागद मधे. त्यातले तंतू एकमेकांवर घासत आणि कंपनांची ऊर्जा थोडीथोडी उष्णतेत विरून जाई. 1870च्या दशकात पुलमनच्या डब्यांखाली ही चाकं धावू लागली. पुढे डबे जड होत गेले, तशी ती मागे पडली.

ही झोप आणखी एका गोष्टीवर उभी होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुलमन यांचं कौतुक करणं मला पटत नाही. अंथरुणं घालणारे, रात्री प्रवाशांचे बूट पुसून ठेवणारे पोर्टर हे बहुतेक सगळे कृष्णवर्णीय होते. सुरुवातीला त्यांत गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले अनेक जण होते. पगार तुटपुंजा, भिस्त बक्षिशीवर, आणि महिन्याला 400 तासांपर्यंत काम. प्रवासी त्यांना नावाने नव्हे, तर मालकाच्याच नावाने, ‘जॉर्ज’ म्हणून हाका मारत. 1925 मध्ये कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली. पुलमन कंपनीने तिच्याशी करार करायला 1937 साल उजाडलं. त्यात कामाचे तास महिन्याला 240वर आले.