क्रोमोझोम बिघडला म्हणजे कॅन्सर खानदानी, असं नसतं

नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यांत म्हणा की मेडिकलच्या ओपीडीत, नातेवाइकांच्या तोंडी एकच गोष्ट वर्षानुवर्षं फिरते, की रिपोर्टमध्ये क्रोमोझोम (पेशीतलं गुणसूत्र, ज्यावर जीन असतात) खराब निघाला म्हणजे रोग घराण्यातूनच आला, आता पोरांनाही होणार. हे साफ चूक आहे अन् यापायी पोरींची लग्नं अडतात, म्हणून नीट सांगतो.

सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, हा ब्लड कॅन्सर घ्या. १९६० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला नॉवेल अन् हंगरफोर्ड यांना या पेशंटच्या पेशींत एक फारच छोटा क्रोमोझोम दिसला, मग १९७३ मध्ये जेनेट राउली बाईंनी दाखवलं की ९ अन् २२ नंबरच्या क्रोमोझोमचे तुकडे आपसात अदलाबदल झालेत, त्यातून बीसीआर अन् एबीएल हे दोन जीन जुळतात अन् असं प्रोटीन बनतं जे पेशीला थांबूच देत नाही, वाढतच राहा म्हणतं. पण ही अदलाबदल आईबापाकडून येत नाही!! ती पुढे कधीतरी बोनमॅरोतल्या एखाद्या पेशीत होते, स्त्रीबीजात-शुक्राणूत नसते, म्हणून लेकरांकडे जात नाही.

आनुवंशिक कॅन्सर असतात, बीआरसीए जीनवाले (स्तनाचे, अंडाशयाचे) वगैरे, पण साधारण ५ ते १० टक्केच, अन् त्यांची टेस्ट वेगळी.

उलट सीएमएलमध्ये हा बिघाड सापडला तर उपचाराची दिशा मिळते, कारण त्याच प्रोटीनला अडवणारी इमॅटिनिबची गोळी २००१ पासून वापरात आहे, कितीतरी पेशंट ती रोज घेऊन कामधंदा करतात. बरं वाटलं म्हणून गोळी मनानं बंद करू नका भाऊ, अन् डॉक्टर सांगतील तेव्हा बीसीआर-एबीएलची टेस्ट करून घ्या.