धुरक्याखालचे अतिनील किरण उपग्रहाला जास्त का दिसतात?

जमिनीवर किती अतिनील किरण पडतात, हे उपग्रह मोजत नाही. तो मोजतो वर परत येणारा प्रकाश. खाली किती पोहोचलं असेल, ते त्यावरून गणिताने काढावं लागतं. स्वच्छ हवेत हे गणित फार चांगलं जमतं. कानपूर, दिल्ली, मेक्सिको सिटी अशा शहरांवर मात्र ते चुकतं, आणि बहुतेक वेळा एकाच दिशेने चुकतं: खरोखर पोहोचतात त्यापेक्षा जास्त किरण दाखवतं.

कारण समजायला हे गणित आधी पाहू. २००४ मध्ये सोडलेल्या 'ऑरा' उपग्रहावर 'ओमी' नावाचं डच-फिनिश उपकरण आहे. भारतावरून ते बरीच वर्षं दुपारी पावणेदोनच्या सुमारास जात असे. ओझोन काही तरंगलांबींचा प्रकाश जास्त शोषतो, काहींचा कमी. त्या फरकावरून ओझोन किती ते कळतं. मग ३६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, जिथे ओझोनची ढवळाढवळ जवळपास नसते, तिथे वर किती प्रकाश येतो ते पाहतात. बर्फ सोडला तर जमीन अतिनील प्रकाशात अगदी काळपट असते. म्हणून हवेतल्या रेणूंमुळे अपेक्षित असतो त्याहून जास्त उजेड वर आला, की तो ढगाचा मानायचा आणि तेवढा खालच्या उन्हातून वजा करायचा.

म्हणजे हा सरळ जमाखर्च आहे: वर जेवढं परतलं, तेवढं खाली कमी पोहोचलं. सल्फेटचे कण किंवा समुद्री मिठाचे कण या हिशोबात बसतात, कारण ते प्रकाश फक्त विखुरतात. धुरक्यातली काजळी बसत नाही. तिने शोषलेला प्रकाश खालीही जात नाही आणि वरही येत नाही. उपग्रहाला आकाश उजळलेलं दिसत नाही. ढग नाही, म्हणजे खाली लख्ख ऊन, असा अर्थ लावला जातो.

मग काजळी वरून दिसतच नाही का? दिसते, पण ती किती उंचीवर आहे त्यावर सगळं अवलंबून. हवेचे रेणू अतिनील प्रकाश जोरात विखुरतात. शोषणारा थर उंचावर असेल, तर त्याच्या खालच्या हवेतून वर येणारा प्रकाश तो अडवतो आणि उपग्रहाला ती घट जाणवते. सहाराची धूळ काही किलोमीटर उंच चढते, म्हणून ती अशी सहज पकडली जाते. थर जमिनीला चिकटून असेल, तर त्याच्या खाली विखुरायला हवाच उरत नाही. उत्तर भारतातलं हिवाळी धुरकं नेमकं असंच असतं. ज्या उंचीवर आपण श्वास घेतो, तिथेच उपग्रहाची नजर सर्वांत कमजोर पडते, आणि मला या सगळ्यात हेच सर्वांत गंभीर वाटतं.

यावर फिनलंडच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एक दुरुस्ती वापरात आणली. हवेच्या संपूर्ण स्तंभात शोषण किती होतं याचा एक आकडा असतो. त्याला साधारण ३ ने गुणून १ मिळवायचा आणि उपग्रहाच्या अंदाजाला त्याने भागायचं. शोषणाचा आकडा ०.१ असला, तर भाजक १.३ होतो, उपग्रहाने १० दाखवलेला अतिनील निर्देशांक ७.७ वर येतो. पण हा शोषणाचा आकडा महिन्याच्या सरासरीतून घेतलेला असतो. भाताची धसकटं पेटवली जातात तो आठवडा किंवा दिवाळीची रात्र उलटल्यानंतरचा दिवस या सरासरीत विरून जातो.

रोजचा आकडा जमिनीवरून मिळवावा, तर तिथेही अडचण आहे. हवेतले कण मोजणाऱ्या 'एरोनेट' या जागतिक जाळ्याचं केंद्र कानपूरला २००१ पासून आहे, पुण्यातही आहे. तिथली यंत्रं थेट सूर्याकडे आणि आकाशाकडे बघतात, पण त्यांच्या नेहमीच्या मोजणीतून शोषण निघतं ते ४४० नॅनोमीटरपासून पुढे, म्हणजे दृश्य प्रकाशात. गोवऱ्या, लाकूड, पालापाचोळा जळताना निघणारे तपकिरी सेंद्रिय कण दृश्य प्रकाशात सौम्य वाटतात आणि अतिनील भागात भरपूर शोषतात. लोह असलेल्या धुळीचंही तसंच. ४४० नॅनोमीटरच्या, म्हणजे निळ्या प्रकाशातल्या आकड्यावरून अतिनीलचा अंदाज बांधला, तर शोषण कमीच धरलं जातं.

याचा माणसाशी संबंध अगदी थेट आहे. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं ते ३१५ नॅनोमीटरहून आखूड किरणांमुळे. २००२ मध्ये दिल्लीतल्या तान्ह्या आणि दुडदुडत्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रदूषित मोरी गेट भागातल्या मुलांच्या रक्तात या जीवनसत्त्वाचं सरासरी प्रमाण मिलिलिटरला १२.४ नॅनोग्रॅम होतं, तर तुलनेने स्वच्छ गुडगावातल्या मुलांत २७.१. अशा वस्तीत किती वेळ उन्हात बसावं, हे दुरुस्ती न केलेल्या उपग्रहाच्या आकड्यावरून ठरवलं, तर सांगितलेला वेळ अपुरा पडेल. म्हणून अतिनील किरण थेट मोजणारी यंत्रं धुरक्याच्या तळाशी, मोरी गेटसारख्या वस्त्यांमध्येच, बसवायला हवीत.