प्रोसेसरच्या झाकणाखालची फट

डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर जो चकचकीत धातूचा चौकोन दिसतो, ते नुसतं झाकण: तांब्याचं, वर निकेलचा मुलामा दिलेलं. खरी चिप त्याच्या पोटात असते. इंटेलच्या २०१२ सालच्या 'आयव्ही ब्रिज' पिढीतली चार कोअरची चिप जेमतेम १६० चौरस मिलिमीटरची होती आणि तिच्यातून ७७ वॅटपर्यंत उष्णता बाहेर काढायची होती. क्षेत्रफळाच्या हिशेबाने हा मारा कपड्यांच्या इस्त्रीच्या कित्येक पट होतो.

चिप आणि झाकण एकमेकांना टेकले तरी खऱ्या अर्थाने चिकटत नाहीत. कितीही घासूनपुसून गुळगुळीत केलं, तरी दोन्ही पृष्ठभागांवर सूक्ष्म उंचवटे राहतात आणि मधल्या खळग्यांत हवा अडकते. तांबं हवेपेक्षा सुमारे १५ हजार पट चांगलं उष्णता वाहतं. म्हणून ही हवा हुसकावणं हेच खरं काम!

आधीच्या 'सँडी ब्रिज'मध्ये त्या जागी सोल्डर (वितळवून सांधा जोडणारा धातू) होतं, आयव्ही ब्रिजमध्ये थर्मल पेस्ट (उष्णता वाहणारा मलमासारखा लेप) आली. चिप तापू लागली, तशी हौशी मंडळींनी ब्लेडने झाकणं उचकटली. पेस्ट बदलल्यावर तापमान चांगलंच उतरलं. गंमत अशी, की दोष एकट्या पेस्टचा नव्हता. झाकण ज्या काळ्या गोंदाने कडेला चिकटवलं होतं, त्याच्या जाडीमुळे ते किंचित उचललं गेलं होतं आणि पेस्टचा थर नको तितका जाड झाला होता. केसाहून बारीक अंतराचा हा खेळ मला पंख्यांच्या आकारापेक्षा फार महत्त्वाचा वाटतो.

मग सगळीकडे सोल्डरच का नाही? तापल्यावर तांबं सिलिकॉनच्या सहापटीहून जास्त प्रसरण पावतं. जोड कडक असेल तर चिपला तडा जाऊ शकतो. त्यामुळे इंडियम हा मऊ धातू वापरतात, पण तो सिलिकॉनला थेट धरत नाही. चिपच्या पाठीवर आधी सोन्यासारख्या धातूंचे पातळ थर चढवावे लागतात. खर्च वाढतो, खटाटोपही. तरीही २०१८ मध्ये नवव्या पिढीच्या वरच्या मॉडेलांत इंटेल सोल्डरकडे परतली.

झाकण आणि हीटसिंक (त्यावर बसवलेला, उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली दुसरी फट मात्र आपल्या हातात असते. जुना पीसी तापत असेल, तर वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध नवीन पेस्टचा छोटा ठिपका द्या आणि हीटसिंकचे स्क्रू आलटून पालटून, समोरासमोरचे आवळा. एकच बाजू आधी आवळली, तर दुसऱ्या बाजूला थर जाड राहतो.