सर्व्हरवर नोंदवलेला ब्लॉक म्हणजे डायनॅमिक ब्लॉक नव्हे

वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीमध्ये ब्लॉकची (लेखातील परिच्छेद, चित्र यांसारख्या घटकाची) नोंदणी सर्व्हरवर, म्हणजे पीएचपीमधून केली की तो आपोआप डायनॅमिक, म्हणजे पान दाखवताना सर्व्हरवर तयार होणारा, होतो आणि स्टॅटिक ब्लॉकला अशा नोंदणीची गरजच नसते, हा समज बराच काळ टिकून आहे. तो चुकीचा आहे.

ब्लॉक डायनॅमिक ठरतो तो त्याला रेंडर कॉलबॅक (पान दाखवताना ब्लॉकचे एचटीएमएल तयार करणारे पीएचपी फंक्शन) दिल्यामुळे, किंवा आवृत्ती ६.१ पासून ब्लॉक.जेसनमध्ये (ब्लॉकची माहिती असलेल्या फाइलमध्ये) त्याच कामाच्या रेंडर फाइलचा उल्लेख केल्यामुळे. यांपैकी काहीच नसेल, तर सर्व्हरवर नोंद असूनही ब्लॉक स्टॅटिकच राहतो: एडिटरमधील सेव्ह फंक्शनने (ब्लॉकचे जावास्क्रिप्ट फंक्शन) तयार केलेले एचटीएमएल लेखाच्या मजकुरातच साठवले जाते आणि तेच वाचकाला दिसते. त्यामुळे प्लगइन बंद केल्यावर स्टॅटिक ब्लॉकचा मजकूर पानावर सहसा टिकतो, तर केवळ सर्व्हरवर तयार होणारा मजकूर नाहीसा होतो. हा फरक ग्राहकाला आधीच सांगायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

मग स्टॅटिक ब्लॉक सर्व्हरवर का नोंदवावा? कारण ब्लॉक प्रकारांची यादी देणारा रेस्ट एपीआय (इतर प्रोग्रामना साइटची माहिती देणारा दुवा) केवळ सर्व्हरवर नोंदवलेले ब्लॉक ओळखतो, ब्लॉक.जेसनमध्ये दिलेल्या स्क्रिप्ट व स्टाइल फाइल्सची नोंद याच वाटेने होते आणि थीम.जेसनमधून (थीमच्या शैलीची सेटिंग्ज असलेल्या फाइलमधून) त्या ब्लॉकला शैली देण्यासाठीही ही नोंद लागते. म्हणूनच आवृत्ती ५.८ पासून (२०२१) दोन्ही प्रकारांसाठी ब्लॉक.जेसनद्वारे नोंदणी हीच अधिकृत शिफारस आहे.

याची दुसरी बाजूही अनेकदा विसरली जाते. जावास्क्रिप्टमधून नोंदवलेला ब्लॉक फक्त पीएचपीमधून रद्द केल्याने एडिटरमधून हटेलच असे नाही.