गुडघा बोटांपुढे गेला तर बिघडत नाही

बैठक मारताना गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला की तो कायमचा दुखावतो, असे प्रा. माणिकरावांच्या व्यायाममंदिराचा वारसा असलेल्या बडोद्यातही सर्रास सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे. आखाड्यातल्या पारंपरिक बैठकीत तर टाचा उचलल्या जातात आणि गुडघे बोटांच्या बरेच पुढे जातात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, खांद्यावर बारबेल (दोन्ही टोकांना वजने लावलेली लांब दांडी) घेऊन बैठक मारणाऱ्यांचे गुडघे समोर फळी लावून रोखले, तेव्हा गुडघ्यावरील ताण काहीसा घटला खरा, पण धड अधिक झुकल्याने खुब्यावरील ताण कितीतरी पटींनी वाढला. प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी म्हणूनच, बारबेल घेतलेल्याची टाच टेकलेली आहे का आणि गुडघा आत वळतो का, हे आधी पाहावे. गुडघा मुळातच दुखत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवूनच वजन वाढवावे.