अकूस्टिक म्हणजे ‘बिनलाइटीचं’ नव्हे

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या ‘स्कॉर्पियन्स’ या रॉक बँडची सुरुवात १९६५ची. बर्लिनची भिंत पडल्यानंतरचं त्यांचं शिटीचं गाणं, ‘विंड ऑफ चेंज’, भुसावळ-जळगावातल्या कॅसेटवाल्या पिढीलाही पाठ आहे, म्हणून ते सोडून पुढे जातो. फेब्रुवारी २००१मध्ये या बँडने लिस्बनच्या एका जुन्या मठात, श्रोत्यांसमोर, आपलीच गाणी लाकडी गिटारींवर वाजवून रेकॉर्ड केली. अल्बमचं नाव ठेवलं ‘अकूस्टिका’. ‘अनप्लग्ड’, म्हणजे प्लग काढलेलं, म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं.

कारण ‘अनप्लग्ड’ या शब्दाने आपल्याकडे फार गोंधळ घातला. १९८९ला एमटीव्ही या अमेरिकन वाहिनीवर त्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. १९९२च्या जानेवारीत एरिक क्लॅप्टन या इंग्लिश गिटारवादकाने त्यासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला पुढच्या वर्षी सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ती कॅसेट मी धुळ्यात आग्रा रोडवर घेतली. लाइट गेली की टेपमध्ये सेल टाकून ऐकायचो. सेल उतरले की गाणाऱ्याचा आवाज जड व्हायचा. मग दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर उन्हात ठेवायचे. आमच्या मित्रांत या गाण्यांचं नावच ‘बिनलाइटीची गाणी’ पडलं. नाव गोड आहे, पण चूक आहे.

माइक, मिक्सर, रेकॉर्डिंग, सगळं विजेवरच चालतं. नोव्हेंबर १९९३च्या न्यूयॉर्कमधल्या ‘निर्वाणा’ बँडच्या गाजलेल्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमात तर गायक कर्ट कोबेनची अकूस्टिक गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधून जात होती. तो मॉनिटर, म्हणजे कलाकारांना त्यांचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, वाटावा म्हणून खोक्यात झाकला होता. त्याआधी १९९२मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने त्याच टीव्ही कार्यक्रमात एक गाणं एकट्याने म्हटलं आणि पुढे सरळ सगळा बँड इलेक्ट्रिकवर उभा केला. त्याच्या अल्बमवर ‘अन’ खोडून नुसतं ‘प्लग्ड’ छापलं.

खरा फरक गिटारीच्या पोटात आहे. अकूस्टिकमध्ये तारेची थरथर पोकळ लाकडात घुमते आणि लवकर विरते. इलेक्ट्रिकमध्ये चुंबकी पिकअप ती पकडतो, अ‍ॅम्प्लिफायर फुगवतो, सूर हवा तेवढा ताणता येतो. तो ताण गेला की गाण्यात मोकळ्या जागा पडतात. लिस्बनमध्ये त्या भरायला चेलो, जादा तालवाद्यं आणि कीबोर्ड आले. कीबोर्डवरून नाकं मुरडली गेली. मला ती तक्रार पटत नाही. जुन्या गाण्यांची मांडणी बँडने नव्याने केली, आणि ज्या ओळी पूर्वी गर्जनेत बुडायच्या त्या तिथे शब्दन् शब्द ऐकू येतात. खऱ्या अर्थाने बिनलाइटीचं गाणं ऐकायचं तर श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री आपल्याच घरात बसावं: माइक नाही, बायकांचे गळे आणि टाळ्या.

बँडने पुढे सप्टेंबर २०१३मध्ये अथेन्सच्या टेकडीवरच्या खुल्या रंगमंचावर पुन्हा असंच रेकॉर्डिंग केलं. या वेळी मात्र ते त्या टीव्ही कार्यक्रमाच्याच नावाने आलं.