गुबगुबीत अक्षरवळण (देवनागरी)

जाड रेषांचे, गोल टोकांचे आणि केवळ मथळ्यांसाठी घडवलेले अक्षरवळण. बालनाट्याची जाहिरात, खेळण्यांचे खोके, बालवाडीची पाटी अशा खेळकर कामांत ते शोभते. पुण्यात गणेशोत्सव जवळ आला की मंडळांच्या फलकांवर आणि मिठाईच्या खोक्यांवर अशा अक्षरांना विशेष मागणी येते. सलग मजकुरासाठी ते वापरू नये.

देवनागरीची पारंपरिक वळणे बोरूच्या तिरक्या कापलेल्या टोकातून आली. जाड-बारीक रेषा आणि धारदार कडा ही त्यांची खूण. गुबगुबीत वळणात ती धार जाते आणि रेषा फुगते. अडचण तिथेच सुरू होते. रोमन अक्षरांना शिरोरेषा नसते. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार अशी दाटीही नसते. देवनागरीत जाडी वाढवत गेले की आतल्या पोकळ्या आधी बुजतात. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ दिसेनाशी होते, ‘क्ष’ची गाठ एकजीव होते, ‘घ’ आणि ‘ध’ एकसारखे भासू लागतात. सगळ्या रेषा सारख्या फुगवून हे सुटत नाही. कुठे रेषा दाबायची, कुठे फट राखायची, हे अक्षरागणिक ठरवावे लागते. या वळणाची खरी कारागिरी काळ्या भागापेक्षा उरलेल्या पांढऱ्या जागेत आहे.

याचे सर्वांत धीट उदाहरण म्हणजे मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट. देवनागरी किती जाड होऊ शकते, हे हाताने रेखाटून पाहण्याच्या प्रयोगातून तो निघाला. तो सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंग्रे यांनी घडवला. पोकळ्यांच्या जागी केवळ बारीक पांढऱ्या रेघा उरल्या आहेत, तरी अक्षर ओळखू येते. हे यश मोठे आहे. त्याच संस्थेचा ‘बालू’ तुलनेने सौम्य असून देवनागरीसह नऊ भारतीय लिप्यांत उपलब्ध आहे. त्याच्या ‘बालू २’ या पुढच्या आवृत्तीत पाच जाड्या मिळतात. ‘मोदक’ आणि ‘बालू’ हे दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे, म्हणजे विनामूल्य वापरता येणारे आहेत.

संगणकावरच्या मराठी अक्षरांशी पुण्याचे नाते जुने. १९८८ मध्ये स्थापन झालेली सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था इथलीच, ‘श्रीलिपी’ हे भारतीय भाषांचे टंकलेखन सॉफ्टवेअर बनवणारी मॉड्युलर इन्फोटेकही इथलीच. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती; तिच्या आधीच्या फॉन्टची संकेतपद्धती वेगळी असल्याने त्यांत टंकलेल्या जुन्या मजकुराला थेट ‘मोदक’ लावला तर अगम्य चिन्हे उमटतात; आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

मराठी कामासाठी फॉन्ट निवडताना ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे शब्द शेजारी लिहून ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ वेगळे उमटतात का ते पाहावे. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, हेही तपासावे. हिंदी वळण पुष्कळदा मुकाट्याने येते आणि छापून झाल्यावर खटकते. अक्षरे मोठी ठेवावीत आणि शब्द मोजके. आकार लहान झाला की त्या पांढऱ्या रेघा आधी मिटतात, विशेषतः फ्लेक्सच्या भरड छपाईत.